डोक्याच्या मारानंतर सहा महिने: न्यूरोसर्जरी विभागातल्या प्रकल्प नोंदी

८ जानेवारी २०२४

विषय ठरला. डोक्याला मार लागून आमच्या विभागात भरती होणारा प्रत्येक मध्यम आणि गंभीर रुग्ण, म्हणजे येताना ज्याचा जीसीएस (ग्लासगो कोमा स्केल, शुद्धीचे ३ ते १५ गुण) १२ किंवा त्याहून कमी आहे असा, सहा महिन्यांनी कसा आहे ते शोधून लिहायचं. ऑपरेशन झालेलं असो वा नसो. ट्यूमर, मणका, शंट (मेंदूतलं साठलेलं पाणी बाहेर वळवणारी नळी) यांना यंदा हात लावायचा नाही. सगळं एकदम धरलं तर एकही धड होणार नाही, आणि वॉर्डातल्या खाटा तर दुचाकीवरून पडलेल्यांनीच भरलेल्या असतात.

विभागाच्या जुन्या रजिस्टरात शेवटी तीन रकाने आहेत: सुटी, मृत्यू, डामा (सल्ल्याविरुद्ध घरी नेलेले). महिनाअखेरीला त्यांची बेरीज वर पाठवली जाते. 'सुटी'च्या रकान्यात स्वतःच्या पायांनी गेटबाहेर पडलेला मुलगा आणि ट्रॅकिओस्टॉमी (श्वासासाठी गळ्याला पाडलेलं छिद्र) आणि रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) यांसकट स्ट्रेचरवरून गाडीत चढवलेला बाप यांची नोंद सारखीच होते. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, हे सरकारी अहवालात एककापर्यंत मोजलेलं आहे. वाचलेल्यांपैकी किती जण पुन्हा कामावर गेले, हे त्यात मिळत नाही. निदान आमच्या दारात आलेल्यांचं तरी आम्हाला माहीत असायला हवं.

११ जानेवारी

प्रशासनासोबत बैठक. त्यांनी सुचवलेले निकष: सरासरी किती दिवस भरती, दुसऱ्यांदा ऑपरेशन किती जणांना लागलं, मृत्यू किती. तिन्ही आयते मिळतात, म्हणून सोयीचे. मृत्यू तर मोजायचेच आहेत. दुसऱ्या ऑपरेशनाचं प्रमाण हा दर्जाचा मुख्य आकडा करायला मात्र मी विरोध केला आणि त्यासाठी जुनाट सबड्युरलचं उदाहरण दिलं.

ब्रिटनमधल्या डेक्स-सीएसडीएच चाचणीचे निष्कर्ष २०२० साली आले. मेंदूभोवती जुनं रक्त साठलेल्या रुग्णांना डेक्सामेथासोन दिलं तर पुन्हा ऑपरेशन फक्त १.७ टक्के जणांना लागलं, औषध न दिलेल्या गटात ७.१ टक्के. एवढंच पाहिलं तर औषध उत्तम. पण सहा महिन्यांनी चांगल्या अवस्थेत कोण, हे मोजलं तेव्हा डेक्सामेथासोनच्या गटात ८३.९ टक्के निघाले आणि दुसऱ्या गटात ९०.३ टक्के. औषधाने ऑपरेशन टळलं आणि माणसाचं नुकसान झालं. आपण फक्त पुन्हा ऑपरेशनच मोजत बसलो असतो तर हे औषध आजही खुशाल देत राहिलो असतो.

डोनाबेडियन यांनी १९६६ साली दर्जाचे तीन भाग सांगितले: साधनं, कामाची पद्धत, आणि निष्पत्ती. आम्ही निष्पत्ती मुख्य धरतोय, आणि तिच्यामागचं कारण कळावं म्हणून पद्धतीतल्या काही वेळा: अपघात, आमच्या दारात आगमन, सीटी, आणि ऑपरेशनची पहिली चीर. बैठकीत शेवटी मान्य झालं. भरतीचे दिवसही लिहायचे, पण त्यावरून कोणाला शाबासकी किंवा बोल नाही.

२९ जानेवारी

फॉर्म एका पानाचा झाला. दोन पानांचा होता. रात्रपाळीचा रेसिडेंट दोन पानं भरत नाही, हे तिघांनी सांगितलं.

आज दिवसभर एकाच केसपेपरवर अडकले. पहाटे आलेला तरुण. पाठवणाऱ्या रुग्णालयाच्या चिठ्ठीवर ई२ व्ही२ एम५ (डोळे उघडणं, बोलणं, हालचाल यांचे गुण), म्हणजे ९. तिथेच नळी घातली, गुंगीचं आणि स्नायू सैल करणारं इंजेक्शन दिलं आणि १०८ मध्ये घालून आमच्याकडे पाठवला. आमच्या कॅज्युअल्टीच्या कागदावर ई१ व्ही१ एम१, म्हणजे ३. माणूस तोच, दोन आकड्यांत सहाचा फरक, आणि दुसरा आकडा मेंदूचा नसून इंजेक्शनचा.

हा फरक किरकोळ नाही. अपेक्षित मृत्यूचा हिशेब याच आकड्यावर उभा राहतो. ३ लिहिला की गणित म्हणतं, हा बहुधा जाणार. तो वाचला की आमच्या विभागाचा आलेख झळकतो, न केलेल्या कामाचं श्रेय मिळतं. असे वर्षभरात थोडे जरी साठले तर सगळी तुलना खोटी.

म्हणून नियम: नळी असेल तर बोलण्याचा गुण १ लिहायचा नाही, 'तपासता येत नाही' असं लिहायचं. डोळे सुजून मिटले असतील तर तेच. तीन गुण वेगवेगळे लिहायचे, नुसती बेरीज चालणार नाही. टीसडेल आणि जेनेट यांनी १९७४ साली ही मोजणी आणली. ग्लासगोच्या मंडळींनी २०१४ साली स्वतःच असं लिहायला सांगितलं आहे. नळी घालण्याआधीचा गुण वेळेसकट चिठ्ठीवरून उतरवायचा, चिठ्ठीवर नसेल तर तिथल्या डॉक्टरांना फोन करायचा.

आयसीयूतल्या सिस्टरांसोबत तासभर खाटेजवळ उभं राहून सराव केला. छातीच्या हाडावर मूठ घासणं बंद. बोटाच्या टोकावर दाब, मग मानेच्या बाजूचा स्नायू चिमटीत, मग भुवईखालची खाच. हात गळ्याच्या हाडाच्या वर दुखऱ्या जागेकडे आला तर एम५. कोपरात वाकून तिथपर्यंत पोहोचला नाही तर एम५ नाही. थोरल्या सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, दाब हळूहळू वाढवून दहा सेकंद धरला की हात येतो, आम्ही दोन सेकंदांत सोडतो म्हणून येत नाही." हे त्यांनी सगळ्यांना करून दाखवलं. फॉर्मच्या मागच्या बाजूला त्यांच्याच शब्दांत छापायचं ठरलं.

२० फेब्रुवारी

डामा. सल्ल्याविरुद्ध घरी नेलेले.

जुन्या पद्धतीत हे रुग्ण मृत्यूत नाहीत आणि सुटीतही नाहीत. व्हेंटिलेटरवरून काढून नेलेला माणूस वाटेत किंवा घरी गेला तरी आमच्या आकड्यात मरत नाही. ज्या विभागातून डामा जास्त, त्याचं मृत्यूचं प्रमाण कमी दिसणार. यापेक्षा उलटा निकष शोधून सापडणार नाही.

नातेवाइकांना दोष देण्याचं कारण नाही. योजनेत उपचार फुकट असले तरी बाहेर राहण्याजेवणाचा खर्च, बुडालेली मजुरी, घरी एकटी लेकरं. कोणी सांगतं, "घरात जाऊ द्या, दारात तरी टेकू द्या." अपघाताची केस म्हणजे पोस्टमॉर्टेम होणार, त्याची भीती. आणि काही जण खरंच दुसऱ्या दवाखान्यात नेतात आणि तिथे रुग्ण वाचतोही. म्हणून सगळ्या डामा रुग्णांना मृत धरणंही चूक.

ठरलं असं: प्रत्येक डामाला चौदाव्या दिवशी फोन. गेला असेल तर तो मृत्यू आमच्या आकड्यात, वेगळ्या ओळीत पण बेरजेत. चौदाच दिवस का, तर ज्या क्रॅश प्रारूपाशी (डोक्याच्या मारानंतर काय होईल याची शक्यता काढणारं गणित) आम्ही तुलना करणार ते चौदा दिवसांतले मृत्यू आणि सहा महिन्यांची वाईट निष्पत्ती सांगतं. विभागप्रमुखांनी विचारलं, आपला आकडा वाढेल ना? वाढेल. त्यांनी दोन मिनिटं विचार केला आणि सही केली. ही सही या प्रकल्पाचा पाया आहे.

१४ मार्च

एथिक्स कमिटीची परवानगी आली. संमती भरतीच्या पहिल्या दिवशी न घेता, घरच्यांचा धक्का थोडा ओसरल्यावर, समाजसेवा अधीक्षकांनी घ्यायची. रुग्ण शुद्धीवर आला की त्याची स्वतःची पुन्हा.

९ मे

सहा महिन्यांच्या मुलाखतीचा मराठी मजकूर. विस्तारित ग्लासगो निष्पत्ती श्रेणी, आम्ही जीओएस-ई म्हणतो. जेनेट आणि बाँड यांनी १९७५ साली पाच पायऱ्या केल्या होत्या: मृत्यू, जागेपणी भान नसलेली अवस्था, गंभीर अपंगत्व, मध्यम अपंगत्व, चांगली सुधारणा. पुढे शेवटच्या तिन्हींचे दोन-दोन भाग करून आठ झाल्या, आणि १९९८ साली विल्सन आणि सहकाऱ्यांनी ठरावीक प्रश्नांची मुलाखत तयार केली, म्हणजे विचारणारा बदलला तरी उत्तराची पायरी बदलू नये.

प्रश्न सरळ आहेत. घरात रोज दुसऱ्याची मदत लागते का. गरज पडली तर दिवसभर एकटं राहता येईल का. खरेदी, प्रवास, काम, करमणूक, घरच्यांशी वागणं. अडचण आमच्या गावांत उभी राहते. 'स्थानिक प्रवास' म्हणजे एस.टी. किंवा वडापनं एकट्यानं तालुक्याला जाऊन येणं. 'खरेदी' म्हणजे किराणा आणून सुटे पैसे नीट मोजून परत घेणं. हे लिहिलं. पण बायकांच्या बाबतीत आणखी घोळ. कित्येक बायका अपघाताआधीही एकट्या तालुक्याला गेल्या नव्हत्या. त्यांना 'प्रवास करता येत नाही' असं धरून गंभीर अपंगत्वात टाकलं तर तो मेंदूचा आजार नाही, घरची रीत आहे. मूळ मुलाखतीत प्रत्येक ठिकाणी 'मार लागण्याआधी कसं होतं' हा प्रश्न यासाठीच आहे. घाईत तोच गाळला जातो. आम्ही तो आधी विचारणार, नंतर आजचं.

कामाचंही तसंच. "तिला कुठलं काम, घरीच असते," असं नवरा सांगतो, आणि ती बाई पहाटेपासून धार, भाकरी, पाणी, खुरपणी, जनावरं सगळं करत असते. म्हणून 'नोकरी करता का' हा प्रश्नच काढला. सकाळी उठल्यापासून काय काय करायच्या, त्यातलं आज काय जमतं, काय दुसऱ्या कुणाला करावं लागतं, असं क्रमानं विचारायचं. यात वेळ जातो, पण त्याशिवाय बायकांची निष्पत्ती पुरुषांपेक्षा खोटीच चांगली दिसत राहील.

आणखी एक पक्कं केलं: फोन ऑपरेशन करणाऱ्या युनिटमधल्या कोणीही करायचा नाही. सर्जनला लोक "तुमच्या कृपेने एकदम बरं आहे" असंच सांगतात. ते आदरानं सांगतात, त्यात त्यांचं काही वावगं नाही, पण आमच्या कामाचं नाही. फोन आमच्या फिजिओ करतील. युनिट कोणतं, ऑपरेशन झालं की नाही, हे त्यांच्या कागदावर नसेल.

१८ जुलै

जानेवारीतल्या रुग्णांचे सहा महिने भरले. फोन सुरू झाले. आज संमती घेऊन स्पीकरवर ऐकलेला एक संवाद लिहून ठेवते, गावनाव वगळून. रुग्ण ऊसतोड करणारा, फडावरून ट्रॅक्टरच्या मागे पडलेला. आमच्या रजिस्टरात 'सुटी, प्रकृती समाधानकारक'. फोन बायकोनं उचलला.

"बरे हायेत. जेवत्यात, हिंडत्यात."

इथे थांबलं असतं तर 'चांगली सुधारणा' लिहून मोकळे झालो असतो. फिजिओंनी क्रमानं विचारलं. एकटे घरी राहतात का? राहत्यात. दुकानात जातात? जात्यात, पण पैसं मोजता येईनात, दुकानदार वळखीचा हाय म्हणून भागतंय. तालुक्याला एकटे? "न्हाई. एकदा गेले तर स्टँडवरच बसून ऱ्हायले, कुठं जायचं तेच इसरले. भावानं आणलं." राग? बराच वेळ काही नाही. मग, "पोरं जवळ जाईनात."

"या वर्षी तोडीला जाणार का?"

"कोण नेतंय ताई? मुकादम म्हणतो, अर्ध्या कोयत्याला उचल देत न्हाई."

श्रेणीत ही चौथी पायरी: गंभीर अपंगत्वाचा वरचा भाग, घरात स्वतंत्र पण बाहेर मदतीशिवाय नाही. आणि त्या घरात काम दोघांचं गेलंय, कारण फडावर मजुरी जोडीची धरतात. बायकोचं नुकसान मोजणारी पायरी या श्रेणीत नाही. फॉर्मवर शेवटी एक मोकळी ओळ वाढवली: 'घरातल्या आणखी कोणाचं काम सुटलं?' तुलनेत ती वापरता येणार नाही. तरीही ती राहील.

त्यांना पुढच्या आठवड्यात बोलावलंय. चिडचिडीवर औषध बघता येईल, फिट येतात का तेही कोणी विचारलेलं नव्हतं. मोजायला म्हणून फोन केला आणि उपचार सुरू झाला, हे या आठवड्यात आणखीही काही जणांच्या बाबतीत झालं.

१२ सप्टेंबर

तोडीचा हंगाम जवळ आला. दिवाळीनंतर गावं रिकामी होतील, सिमकार्डं बदलतील. आता भरती होणाऱ्यांकडून तीन नंबर घ्यायचे: घरचा, गावातल्या एका शेजाऱ्याचा किंवा आशाताईंचा, आणि तोडीला जाणारे असतील तर मुकादमाचा, कारखान्याच्या नावासकट.

न सापडलेल्यांचं काय? समजा शंभर रुग्ण. वीस गेले, वीस सापडले नाहीत, साठ सापडले आणि त्यांपैकी चाळीस चांगले. न सापडलेल्यांना वगळलं तर ऐंशीत चाळीस, निम्मे चांगले. ते सगळे वाईट धरले तर चाळीस टक्के, सगळे चांगले धरले तर साठ. अहवालात तिन्ही आकडे शेजारी छापायचे. एकच छापला तर वाचणाऱ्याची फसवणूक होईल.

३ ऑक्टोबर

कवटी उघडी ठेवण्याच्या ऑपरेशनांवर विभागात चर्चा, चांगलीच तापली. मेंदूचा दाब औषधांनी उतरत नाही तेव्हा कवटीचा तुकडा काढतात. आमच्याकडे तो पोटाच्या त्वचेखाली जपून ठेवतो. रेस्क्यू-आयसीपी चाचणीत, २०१६ साली, सहा महिन्यांनी मृत्यू ऑपरेशनच्या गटात २६.९ टक्के आणि औषधांच्या गटात ४८.९ टक्के. मोठाच फरक. पण भान नसलेल्या अवस्थेत राहिलेले ८.५ टक्के, दुसरीकडे २.१. त्या चाचणीचा हिशेब असा की शंभर ऑपरेशनांमागे बावीस जास्त जगतात, त्यांतले सहा भानाविना, आठ घरातही पूर्ण परावलंबी, आठ निदान घरापुरते स्वतंत्र किंवा त्याहून बरे.

एका ज्येष्ठ सरांचं म्हणणं, जगला ना, बास. मला ते मान्य नाही, आणि मी तसं बोलले. 'जगला' एवढंच रजिस्टरात असेल तर आम्ही घरच्यांना खरं सांगू शकत नाही. या चाचणीत 'चांगली निष्पत्ती'ची रेष चौथ्या पायरीवर होती, इतर बऱ्याच ठिकाणी ती पाचव्यावर असते. रेष एक पायरी हलवली की ऑपरेशनाचं चित्र बदलतं. म्हणून आमच्या अहवालात रेष नको, आठही पायऱ्या.

अक्यूट सबड्युरलचं, म्हणजे मारानंतर मेंदूच्या आवरणाखाली साठलेल्या ताज्या रक्ताचं, वेगळं. तिथे रक्त काढल्यावर हाड परत बसवायचं की बाहेर ठेवायचं? २०२३ ची रेस्क्यू-एएसडीएच सांगते की मेंदू फुगलेला नसेल तर वर्षभरानं दोन्ही गटांची अवस्था सारखीच. हाड बसवलेल्यांत दोन आठवड्यांत पुन्हा ऑपरेशन जास्त, १४.६ विरुद्ध ६.९ टक्के, हाड काढलेल्यांत जखमेचा त्रास जास्त, १२.२ विरुद्ध ३.९. आमच्याकडे हाड बाहेर राहिलं की परत बसवण्याची तारीख लांबत जाते, रुग्ण एका बाजूला खचलेल्या डोक्यावर टोपी घालून गावात फिरतो. आजपासून नवा रकाना: हाड काढल्यापासून बसवेपर्यंतचे दिवस. आणि मेंदू सैल असेल तर हाड न बसवण्याचं कारण ऑपरेशन नोंदीत लिहायचं.

२ डिसेंबर

अपेक्षित आणि प्रत्यक्ष. क्रॅश प्रारूप १०,००८ रुग्णांच्या माहितीवर उभं आहे, आणि त्यात कमी-मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी वेगळं गणित आहे. वय, जीसीएस, बुबुळांची उजेडाला प्रतिक्रिया, इतर मोठी इजा, आणि सीटीवरच्या पाच गोष्टी. प्रत्येक रुग्णाची शक्यता काढून बेरीज केली की अपेक्षित मृत्यू मिळतात. प्रत्यक्ष मृत्यूंना त्यानं भागायचं.

लगेच मागणी आली: सर्जननिहाय द्या. नाही देणार. कारण साधं आहे. एका सर्जनचे वर्षाला चाळीस गंभीर रुग्ण, अपेक्षित मृत्यू २५ टक्के, म्हणजे दहा. नुसत्या योगायोगानं पाच ते पंधरा कुठेही आकडा पडू शकतो. पाचवाला हुशार आणि पंधरावाला अडाणी असं ठरवलं तर पुढच्या वर्षी क्रम सहज उलटेल. दरम्यान पंधरावाला अवघड रुग्णाला हात लावायचा बंद होईल, आणि तो रुग्ण रात्री दोनला कोणाच्याच टेबलावर जाणार नाही. आकडा विभागाचा राहील. प्रत्येक अनपेक्षित मृत्यूवर मात्र सगळ्यांसमोर चर्चा, नाव झाकून नव्हे, सर्जन स्वतः मांडेल.

कॉडमन यांची आठवण झाली. बॉस्टनचे सर्जन, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रत्येक रुग्णाचं वर्षभरानं काय झालं ते बघा असा आग्रह धरणारे. १९११ ते १९१६ या काळात स्वतःच्या छोट्या रुग्णालयातून सुटी दिलेल्या ३३७ रुग्णांत त्यांनी १२३ चुका नोंदवून छापल्या. विद्यार्थीदशेत त्यांच्यासोबत भूल देताना नाडी-श्वासाचा तक्ता मांडायला सुरुवात करणारा मित्र होता हार्वे कुशिंग, आणि त्यानं पुढे १९३२ साली दोन हजार मेंदूच्या गाठींचे मृत्यूचे टक्के स्वतः प्रसिद्ध केले. आमच्या शाखेचा मूळपुरुष आपले मृत्यू छापत होता. आम्हाला संकोच करायचं कारण नाही.

२३ जानेवारी २०२५

पहिल्या वर्षाचं सादरीकरण झालं. डामा धरल्यानं मृत्यूचं प्रमाण मागच्या रजिस्टरपेक्षा वाढलं, ते तसंच मांडलं. कारण पहिल्या स्लाइडवर लिहिलं होतं, त्यामुळे गदारोळ झाला नाही. 'सुटी, समाधानकारक' शिक्का मिळालेल्यांपैकी बरेच जण सहा महिन्यांनी कामावर नाहीत, हे ऐकून भूलतज्ज्ञांनी विचारलं की सुटीच्या कागदावर हा शिक्का मारायचाच का. ठरलं: शिक्का बंद, त्याजागी सुटीच्या दिवसाची पायरी लिहायची.

सगळ्यात उपयोगाचं निघालं ते वेळांच्या रकान्यांतून. १९८१ साली सीलिग आणि सहकाऱ्यांनी अक्यूट सबड्युरलमध्ये चार तासांच्या आत ऑपरेशन झालेल्यांत ३० टक्के आणि नंतरच्यांत ९० टक्के मृत्यू नोंदवले होते. रुग्ण थोडे होते, पण तेव्हापासून घड्याळाकडे बघायची सवय लागली. आमच्याकडे प्रवासात वेळ जातो हे ठाऊकच होतं. सीटी झाल्यावर टेबलापर्यंत इतका जातो हे ठाऊक नव्हतं: फिल्मची वाट, रक्ताची पिशवी, सही करणारा नातेवाईक मागच्या गाडीनं येतोय. सीटीच्या खोलीतूनच फोनवर चित्र वरिष्ठांना पाठवायचं, रक्तपेढीला तिथूनच कळवायचं, आणि जीव धोक्यात असताना नातेवाईक पोहोचले नसतील तर दोन डॉक्टरांच्या सहीनं ऑपरेशन सुरू करायचं, हे लेखी झालं. अधीक्षकांनी त्याच सभेत मंजुरी दिली.

पुढचं: फेब्रुवारीत शंटच्या संसर्गाची नोंद सुरू करायची. २०१९ च्या बेसिक्स चाचणीत प्रतिजैविक भिनवलेल्या शंटमध्ये संसर्ग २ टक्के आणि साध्यात ६ टक्के आला, खरेदी समितीला तो कागद जोडून द्यायचा. आशाताईंचे नंबर तालुकावार लावून घ्यायचे. फिजिओंना फोनसाठी आठवड्यातली दोन दुपार मोकळी हवी, त्याचा अर्ज सोमवारी.